तीन माणसं, चार पासपोर्ट

१२ डिसेंबर, डेट्रॉइट विमानतळ

गेटजवळ बसलोय. अजून विमानात पाऊल नाही आणि आत्ताच दमलो!

काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट मागितले. मी चार दिले. त्यांनी मान वर करून आम्हाला मोजलं. "तिघंच ना?" तिघंच. माझा कॅनडाचा. बायकोचा — ज्ञानदाचा — भारताचा. अनयाचे दोन — इथं डेट्रॉइटजवळ ट्रॉयमध्ये जन्मली म्हणून अमेरिकेचा, आणि बापामुळे कॅनडाचा. आठ वर्षांची पोर, पण घरात सगळ्यात जास्त कागद तिचे. चारही पासपोर्ट गडद निळे. बाईंनी पत्त्यांसारखे पिसले.

मग म्हणाल्या, इंडियाचा व्हिसा? माझं आणि अनयाचं ओसीआय कार्ड दाखवलं. याच्यावर कधीही जाता येतं, म्हटलं. मग ज्ञानदाकडे वळल्या. "तुमचा अमेरिकेचा व्हिसा तर संपलाय." हो. नोकरीचं परमिट चालू आहे, पासपोर्टमधला शिक्का जुना झालाय. तो देशाबाहेर जाऊनच नवा करून घ्यावा लागतो. "मग परत कशा येणार?" ज्ञानदा म्हणाली, "मुंबईला इंटरव्ह्यू आहे. एकोणतीस तारखेला." इतकं सहज, जसं काही दात दाखवायला जायचंय.

फ्रँकफर्टवरून जवळ पडलं असतं. पण शिक्का संपलेल्या भारतीय पासपोर्टला तिथं नुसतं विमान बदलायलासुद्धा वेगळा व्हिसा लागतो. म्हणून इस्तंबूल.

या शिक्क्याच्या धास्तीनं ती सहा वर्षं घरी गेलेली नाही. वडील गेले तेव्हाही नाही. लॅपटॉपवर बघितलं सगळं. आता सौमित्रचं लग्न — तिचा धाकटा भाऊ. "या वेळी जाणार म्हणजे जाणार," म्हणाली. मी वाद घातला नाही.

१४ डिसेंबर, मुंबई

ज्ञानदा भारतीयांच्या रांगेतून पाच मिनिटांत पलीकडे. मी आणि अनया परदेशी लोकांच्या रांगेत. पलीकडून ती हसत हात हलवत होती. आजपर्यंत कुठल्याही विमानतळावर आम्हीच तिच्यासाठी थांबलोय. तिला आमच्यासाठी थांबताना पहिल्यांदा बघितलं.

१८ डिसेंबर, सांगली

मेल आला. इंटरव्ह्यू पुढे ढकलला. नवी तारीख मार्चमधली.

मार्च!

बाहेर मांडववाले खांब रोवतायत. ज्ञानदा म्हणाली, "लग्न होईपर्यंत कुणाला सांगू नकोस." हळदीला नाचली. मला जमलं नाही.

४ जानेवारी, ट्रॉय

आलो. दोघंच.

निघताना अनया गाडीत बसेना. ज्ञानदानं तिला उचलून आत ठेवलं, दार लावलं आणि घरात निघून गेली. मागे वळून बघितलं नाही. का, ते मला कळत होतं.

डेट्रॉइटला अधिकाऱ्यानं अनयाचा अमेरिकन पासपोर्ट घेतला, माझा कॅनडाचा घेतला. आडनाव एकच, तरी मला सोडून तिला विचारलं, "हे कोण?" "माय डॅड." "मॉम कुठंय?" अनया माझ्याकडे बघायला लागली. मी ज्ञानदाचं संमतीपत्र पुढे केलं — सांगलीच्या नोटरीचा शिक्का मारलेलं. पोरीला आईपासून पळवून आणलं नाही, हे सिद्ध करायला. त्यानं वाचलं. मग अनयाकडे वाकून, मऊ आवाजात, "इज मॉम ओके?"

"शी इज नॉट अलाउड," अनया म्हणाली.

तो वाईट माणूस नव्हता. शिक्का मारला.

घरात शिरलो तर हीटर बंद पडलेला. कोट न काढता दोघंही सोफ्यावर झोपलो.

९ जानेवारी

वेणी घालता येत नाही मला. तीन व्हिडिओ बघितले. अनया म्हणाली, "इट्स फाइन बाबा, जस्ट पोनीटेल." समजूतदारपणा बघून जास्त वाईट वाटलं.

१६ जानेवारी

शेजारच्या नैनाकाकू. मूळच्या नागपूरच्या, इथं तीस वर्षं. शाळेची बस आली की त्याच अनयाला आपल्या घरी नेतात. मी ऑफिसातून पोचेपर्यंत तिचा होमवर्क झालेला असतो आणि माझ्यासाठी डब्यात पोळ्या असतात. आज म्हणाल्या, "अरे, तोंड पाहिलं का आरशात? जेवतो की नाही तू?"

जेवतो, म्हटलं.

"आणि ज्ञानदा कधी येते मग?"

सगळे हेच विचारतात. मराठी शाळेत, ऑफिसात, ग्रोसरीच्या दुकानात. कधी येते? मार्चमध्ये, म्हणायचं. हसायचं. पुढे जायचं.

२५ जानेवारी

सकाळी बसच्या आधी फोन असतो, तिकडे संध्याकाळ. तिच्या कंपनीचं उत्तर आलंय. भारतातून काम करता येणार नाही, नियमात बसत नाही. बिनपगारी रजा. खुर्ची राखून ठेवतो म्हणालेत.

"वाईट वाटतंय का?" मी विचारलं.

"वाटायला पाहिजे," ती म्हणाली. मग, "अरे थांब, आई हाक मारतीये," आणि गेली.

१० फेब्रुवारी

बर्फ. ड्राइव्हवे साफ केला. तासाभरात पुन्हा तेवढाच. हसूच आलं.

२१ फेब्रुवारी

विंडसरला जाऊन आलो. नदीच्या बोगद्यातून पलीकडे गेलं की कॅनडा. मी तिथंच शिकलो, तिथलाच पासपोर्ट घेतला — सोयीचा म्हणून. त्याच्यावर इथं नोकरी मिळाली आणि तेव्हापासून इकडचाच झालो. म्हणजे झालो का? माझंही परमिट दर तीन वर्षांनी त्या नाक्यावरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

महिनाभर डोक्यात एकच प्लॅन घोळतोय. मी कॅनडाचा, अनयाही कॅनडाची. तर तिकडे घर घ्यायचं, बायको म्हणून ज्ञानदाला मी बोलवायचं, आणि नोकरीला रोज बोगद्यातून डेट्रॉइट. अमेरिकेच्या शिक्क्याची कटकटच नको!

नाक्यावर कॅनडाचे दोन पासपोर्ट दिले. बाई म्हणाली, "वेलकम होम." अनया मागच्या सीटवरून, "दिस इज होम?"

भाड्याचं घर बरं होतं. मागे अंगण. वरच्या खोलीच्या खिडकीतून नदी आणि पलीकडे डेट्रॉइटच्या इमारती. अनयाला खोली आवडली का? "इट्स ओके." परत येताना अमेरिकेचा पासपोर्ट काढला. तिला आता पाठ झालंय — जाताना कुठला, येताना कुठला.

२२ फेब्रुवारी

ज्ञानदाला घराचे फोटो पाठवले. सगळा प्लॅन सांगितला. खूप वेळ मीच बोललो. शेवटी ती म्हणाली, "छान आहे खिडकी."

एवढंच?

"दमलायस तू," म्हणाली. "नंतर बोलू."

८ मार्च

ती शिकवायला लागलीये! तिच्याच जुन्या कॉलेजात. एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून सरांनी विचारलं — तोवर प्रॅक्टिकल्स घेशील का? दोन आठवडे झाले म्हणे. मला आज सांगतीये. सौमित्रची स्कूटर घेऊन जाते. पोरं पहिल्या दिवशी हुशारी दाखवायला गेली, तिनं एकेकाला फळ्यापाशी उभं केलं. सांगताना इतकी हसली की फोन हातातून पडला.

असं हसलेलं मी किती वर्षांनी ऐकलं? आठवायचा प्रयत्न केला.

इथल्या नोकरीबद्दल ती संध्याकाळी काय सांगायची? "झालं एकदाचं." बस. रोज. आणि मीही तेच म्हणायचो.

२४ मार्च

इंटरव्ह्यू झाला. अधिकाऱ्यानं चार प्रश्न विचारले, पासपोर्ट ठेवून घेतला, हातात चिठ्ठी दिली — आणखी तपासणी व्हायची आहे, कळवू.

किती दिवस? सांगत नाहीत.

माझा तोल गेला. फोनवर ओरडलो. तिच्यावर नाही. पण ऐकायला तीच होती. म्हणाली, "चारू, शांत हो. मी ठीक आहे इथं."

तू ठीक आहेस. आम्ही नाही! असं म्हणालो. म्हणायला नको होतं.

११ एप्रिल

अनयाला ताप. दोन दिवस घरी. काल ज्ञानदानं व्हिडिओ कॉल केला, कपाळावर पट्टी कशी ठेवायची ते मला सांगत होती. अनयानं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

"आईशी बोल ना."

"दॅट्स नॉट मॉम. दॅट्स जस्ट द फोन."

ज्ञानदानं ऐकलं. तिचा चेहरा तसाच राहिला, फक्त हनुवटी हलायला लागली. मी कॅमेरा छताकडे केला. का केला कुणास ठाऊक. तिला मोकळेपणी रडता यावं म्हणून. का मला बघावं लागू नये म्हणून.

दुपारी नैनाकाकू मऊ भात घेऊन आल्या. अनयाच्या शेजारी बसून बराच वेळ तिचे केस कुरवाळत होत्या. जाताना मला म्हणाल्या, "माझा सत्यजित लहान होता ना, तेव्हा आम्हालाही असंच वाटे. एवढं ग्रीन कार्ड हाती आलं की सुटलो. मग वाटे, एवढा पासपोर्ट आला की सुटलो. सगळं आलं बघ हाती. तो आता तिकडे शिकागोजवळ शॉमबर्गला असतो, महिन्यातून एकदा फोन करतो." चप्पल घालता घालता थांबल्या. "तक्रार नाही करत रे. चांगलाय तो. फक्त कशातून सुटायचं होतं तेच आठवत नाही मला."

मी भांडी घासली. तेच डोक्यात.

१२ एप्रिल

ताप उतरला. अनयानं स्वतःहून फोन मागितला. आईला दात पडल्याची जागा दाखवली. दोघी अर्धा तास. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. बर्फ गेलंय, गवत अजून मेलेलं.

२ मे

विंडसरच्या घरमालकाचा मेल: हवंय का नकोय, आठवड्यात सांगा. ज्ञानदाला विचारलं. "तू ठरव," म्हणाली. पूर्वी कधी असं म्हणायची नाही. पडद्याचा रंगसुद्धा मला ठरवू द्यायची नाही ती!

६ मे

व्हिसा आला!!

सकाळी फोन लावला तर तिनंच सांगितलं, "पासपोर्ट आला परत. शिक्का आहे." मी ओरडलोच. अनया जिन्यावरून धावत खाली आली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात नाचलो. एक बूट घातलेला, एक हातात, अशीच ती बसकडे पळाली. नैनाकाकूंना खिडकीतून ओरडून सांगत गेली, "शी गॉट इट! शी गॉट इट!"

मी लगेच तिकिटं बघायला लागलो. सोळा तारखेचं मिळतंय, म्हटलं. सतराचंही आहे. फ्रँकफर्टवरूनसुद्धा चालेल आता! कुठलं घेऊ?

मला वाटलं लाइन गेली.

"ज्ञानदा?"

"आहे," म्हणाली. "चारू, एक सांगू? चिडू नकोस. डिसेंबरपासून मला सगळ्यांनी विचारलं, कधी जाणार. आई, सौमित्र, माझे सर, तुझे मित्र. तू तर रोज. यायचंय का, असं एकानंही विचारलं नाही."

मी म्हटलं, म्हणजे काय? तुझी पोरगी इथं आहे.

"माहितीये," ती म्हणाली. "रोज सकाळी उठल्या उठल्या पहिलं तेच माहिती असतं मला." मग म्हणाली, "मी येईन. तिच्यासाठी उद्या सुद्धा येईन. पण तू एकदा विचार तरी."

मी फोन ठेवला. ऑफिसला गेलो. मीटिंगमध्ये मला कुणीतरी काहीतरी विचारलं, मी हो म्हणालो. कशाला, माहीत नाही.

संध्याकाळी अनयानं भिंतीवर कागद चिकटवला. वेलकम मॉम. खाली मराठीत, शाळेत शिकवलंय तसं, मोठ्या अक्षरांत — आई. ई उलटी.

तिला काही सांगितलं नाही.

७ मे

विचारलं. "तुला यायचंय का?"

"नाही," ती म्हणाली. रडत नव्हती. मग म्हणाली, "आणि तुला? तुला राहायचंय तिथं?"

"नाही," मी म्हणालो. इतक्या पटकन, की माझाच आवाज ऐकून मी दचकलो.

अनया दारात उभी होती. फोन स्पीकरवर होता; तिनं दोघांचं ऐकलं होतं. "देन हू वॉन्ट्स टू बी हिअर?" तिनं विचारलं — आणि मग, हळूच: "आय डू."