मामाच्या लीगमधला दुखरा खांदा

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठमीस मामाचे अनेक आशीर्वाद.

आमच्या बेसबॉलच्या लीगमध्ये आलीस, झकास झालं. या कॉम्प्युटरवरच्या खेळात बॅट धरायची नसते, नुसता संघ सांभाळायचा. दोन सामने हरलीस म्हणून लगेच माणसं बदलू नकोस. नाव बघून म्हातारे खेळाडू घेऊ नकोस. चेंडू टाकणाऱ्या पिचरला विश्रांती दे, नाहीतर त्याचा खांदा कामातून जातो. अडलीस तर विचार. लीग मीच चालवतो, सगळ्या संघांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. हरल्यावर रडायचं मात्र नाही हं! आईला माझी आठवण सांग.

तुझा मामा

ता. २१ फेब्रुवारी

ती. मामास शि. सा. न.

तुला लागोपाठ चारदा हरवलं तेव्हा मी घरभर नाचले. दुसऱ्याच दिवशी माझ्या पिचरचा खांदा गेला, अख्ख्या हंगामासाठी! तू सांगितलंस तशी विश्रांती दिली होती, तरी कुठेतरी चुकलेच असणार. फार लाज वाटते. फिजिओथेरपीच्या वर्गातही मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, की मी पेशंटला झेपेल त्याहून जास्त व्यायाम करायला लावते. माझ्या हाती माणसं द्यायचीच नाहीत बहुतेक. खेळ सोडतेय, आणि अभ्यासक्रमही सोडावा म्हणते. आई म्हणाली, आधी मामाला विचार. कुठे चुकलं तेवढं कळव. असल्या भाचीवरही लोभ ठेव.

तुझी ठमी

ता. २५ फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद. ते द्यायलाही आज तोंड नाही.

तू कुठेच चुकली नाहीस. तुझा पिचर ठणठणीत होता. चौथ्यांदा हरलो, लीगमधल्या सगळ्यांनी माझी टर उडवली, आणि मी गुपचूप तुझा संघ उघडून त्याला जायबंदी केलं. पन्नाशी उलटलेला घोडा मी! वर तू कशी कुरकुरतेस याची मजेत वाट बघत बसलो. तुझं पत्र वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिचर बरा केलाय, लीग दुसऱ्याच्या हवाली केलीय. अभ्यासक्रम सोडू नकोस, पाया पडतो. शिव्या घाल, पण पत्र पाठव.

मामा

ता. २ मार्च

ती. मामास नमस्कार.

अभ्यासक्रम सोडत नाही. मॅडमकडे गेले, त्यांनी शेजारी उभं करून पुन्हा शिकवलं. तुझा राग आला, खूप आला. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. दादाला लहानपणापासून हरणं सोसत नाही, असं ती तुझ्याबद्दल नेहमी म्हणते, आणि माझा मामा तसा नाही म्हणून मी दर वेळी तिच्याशी भांडते. काल ती पुन्हा तसं म्हणाली. या वेळी मी भांडले नाही.

ठमी