पुरातल्या घरांची खडी

१२ फेब्रुवारी २००६

आलो एकदाचा! शिरोलीच्या पुढं, प्लांटच्या कुंपणाला लागून आमचा बंगला. बंगला म्हणजे दोन खोल्या आणि मोरी, पण नव्याकोऱ्या, आणि भाडं नाही. मालक गणपतराव स्वतः नारळ फोडायला आले. म्हणाले, की इंजिनेर, ह्यो नमुना हाय. राड्यारोड्याचं काँक्रीट म्हणजे भिजलेलं बिस्कीट, असं लोकांस्नी वाटतंय. तुम्ही हितं संसार मांडून दावा, मग बघू कोण बोलतंय ते.

गेल्या साली पुरात पडलेल्या घरांचा राडारोडा ट्रॉल्या भरून आमच्याकडं येतो. आम्ही तो निवडतो, क्रशरमध्ये फोडतो, चाळतो आणि खडी म्हणून पुन्हा काँक्रीटमध्ये घालतो. डोंगर फोडायला नको, ओढे बुजवायला नकोत. वाया काही जात नाही! या दोन खोल्या, भिंती काय आणि स्लॅब काय, सगळ्या त्याच खडीच्या. काम म्हणजे नादखुळा.

संयोगिता जयसिंगपूरला माहेरी आहे, सातवा महिना लागलाय. बाईसाहेबांचं तोंड म्हणजे विचारू नका. ठेच लागली, ‘मेले’. दूध उतू गेलं, ‘मेले’. पाल दिसली तर दोनदा, ‘मेले गं बाई, मेले’. आमच्या लग्नात अक्षता डोळ्यात गेली तेव्हा भटजींच्या देखत मेली होती. बाळंतपण झालं की तिला आणि बाळाला इथंच आणणार. रिकाम्या खोलीत उभा राहून मोठ्यानं बोललोसुद्धा, की आमची संयोगिता एकदा का हितं आली, की हितनं हलायची न्हाय! रिकामी खोली, पण आवाज घुमला नाही. भिंतीत मुरला. नवं काँक्रीट, असेल तसं.

२० फेब्रुवारी

जुन्या खडीला तहान फार. तिच्या अंगाला जुना गिलावा चिकटलेला असतो, तो मिक्सरमधलं पाणी पिऊन टाकतो. म्हणून आधी तिला पोटभर पाजायचं, मग सिमेंट घालायचं. बाळाला पाजून निजवावं तसं.

आज निवडायला बसणाऱ्या बायकांची म्होरकी धोंडुबाई हात झटकत उठली. चाळणीवर तांब्याची टिचभर मूर्ती होती. वास्तुपुरुष. क्रशरनं अर्धं तोंड नेलं होतं. घर बांधलं की वास्तुशांतीला हा आग्नेयेच्या कोपऱ्यात पालथा पुरतात, आणि घर पाडायचं झालं की आधी पूजा करून त्याला उचलतात, नदीत सोडतात, मगच पहार लावतात. आमच्या गावात लहान पोरालाही हे ठाऊक आहे. पण ही घरं पाडलीत कुठं? पुरानं पाडली. लोक जीव घेऊन पळाले, देव कोण उचलणार? धोंडुबाई म्हणाली, की सायेब, ह्यो दिसला म्हणून दिसला. न दिसता आत गेल्याली किती आस्तील?

गणपतराव हसून म्हणाले, की मग तर आपली खडी पुण्यवान झाली की! मीही हसलो. आई घरात कायम दटावायची, चांगलं बोल रे मुडद्या, वास्तू तथास्तु म्हणत असते. दटावताना स्वतःच मुडद्या म्हणायची. आम्ही कोल्हापूरचे. प्रेमानं हाक मारली तरी शिवी आधी येते.

३ मार्च

गुंडू आमचा मिक्सरवाला, हत्तीसारखा माणूस. परवा-काल आला नाही, आज चहाला घरी आला. मी नेहमीसारखंच बोललो, की मुडद्या, पाय मोडला व्हता व्हय तुझा? मोडूदे एकदा, म्हंजे तरी कळंल! तो खो-खो हसला, चहा प्याला, बाहेर पडला आणि सपाट फरशीवर त्याचा पाय मोडला. घसरला नाही, अडखळला नाही. उभ्या उभ्या काटकी मोडल्यासारखा आवाज झाला.

प्लास्टर घातलंय. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ असतील. असतील. पण परत आलो तर आग्नेयेच्या कोपऱ्यात भिंतीला तळहाताएवढी ओल आलेली. त्या बाजूला पाइप नाही. मीच नकाशा काढलाय.

९ मार्च

वॉचमन ज्ञानूचा कोंबडा दिवसभर खिडकीत बोंबलत होता. मी भाकरी खाता खाता ओरडलो, की मर की लेका एकदाचा! बोंबलणं मधेच तुटलं. खिडकीखाली पडला होता. जखम नाही, काही नाही.

ज्ञानूनं त्याचा तांबडा रस्सा करून मलाही वाटीभर पाठवला. मी वाटी तशीच परत केली. ओल आता पाटाएवढी आहे. हात लावला तर गार नाही, कोमट लागते.

१० मार्च

घरात तोंड उघडायचं नाही असं ठरवलं आणि मग एकदम आठवलं. ही वही मागं उलटली. बारा फेब्रुवारी. ‘एकदा का हितं आली, की हितनं हलायची न्हाय.’

देवा, मी कौतुकानं बोललो होतो.

११ मार्च

आज कामाला गेलो नाही. कोपऱ्यासमोर बसून चांगलं चांगलं बोललो. संयोगिता सुखरूप राहूदे. बाळ धडधाकट होऊदे. ती हवी तिथं जाऊदे, हवी तिथं राहूदे. घसा बसला. ओलीत तसूभर फरक नाही. मग वैतागून म्हणालो, फुटू दे हा तांब्या, आणि तांब्याला तळाशी चीर गेली.

बाहेर येऊन आईला फोन केला. ती म्हणाली, की ज्याला न विचारता, न उठवता भरडलं, त्याच्या फुटक्या तोंडात चांगलं कुठनं मावायचं बाळा? तू तिथनं निघ.

१३ मार्च

कुलूप लावून प्लांटच्या शेडमध्ये राहायला आलो. गणपतरावांना म्हणालो, नमुना पाडून टाका, पाया पडतो. ते म्हणाले, की पुढच्या म्हैन्यात सायबलोक बघाय येणार, आणि आत्ता पाडू? बरं, पाडला तर राडा कुठं जाणार सांगा? क्रशरमध्येच की!

खरं आहे. वाया काही जात नाही. आणि दिवाळीपासून ही खडी किती घरांत गेली असेल? उपनगरात, गावात, कुणाच्या स्वयंपाकघरात. कुणाला जाऊन सांगू, की घरात भांडू नका?

संयोगिताला फोन केला, की इकडं अजिबात येऊ नकोस. ती म्हणाली, का हो? कुणाला आणलंय तिथं?

२१ मार्च

ती आली.

मला न सांगता, भावाच्या जीपनं. माझ्यावर पाळत ठेवायला. मी काँक्रीटचे क्यूब फोडून त्यांची ताकद तपासायला लॅबमध्ये होतो. दुसरी किल्ली गणपतरावांकडं होती, त्यांनी हौसेनं उघडून दिलं, भावाला चहाला नेलं. मी धावत गेलो तर ती आत, कमरेला पदर खोचून केर काढत होती. म्हणाली, एवढं चांगलं घर, आणि मला येऊ नको म्हणता?

तिचा हात धरून ओढलं. उंबऱ्यापर्यंत आली. पुढं पाऊल उचललंच नाही.

२२ मार्च

भावानं ओढलं. मी ओढलं. चौघांनी खाटेसकट उचललं, खाट दारात अडली. दार तर एवढं रुंद आहे. ती कळवळली, तिचा तो नेहमीचा शब्द निघायच्या आत मी तिचं तोंड दाबलं, खाट खाली ठेवली.

अॅम्ब्युलन्सवाले आले. त्यांनाही— नर्स म्हणाली, बाईंच्या मनाचे खेळ. गेले.

भावाला बाहेरच थांबवलंय. त्याचं तोंड फटकळ. कुणालाच आत येऊ देत नाही. कोण काय बोलून जाईल—

तिला सगळं लिहून दाखवलं. आधी हसली. मग कोपऱ्याकडं बघितलं. आता हसत नाही.

२३ मार्च, सकाळ

कळा सुरू. आठवाच महिना. काल ओढाओढ केली, त्यानं. आम्हीच.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणतात, इकडं घेऊन या. घेऊन या म्हणे.

फक्त धोंडुबाईला आत घेतलं. ती ओठ घट्ट मिटून काम करते. पाणी तापवते. एक शब्द नाही. किती उपकार तिचे.

दुपार

बोलायची चोरी म्हणून लिहितोय. संयोगिताच्या तोंडात पदराचा बोळा आहे. तिनंच घातला. डोळ्यांनी विचारते, अजून किती वेळ. मला काय माहीत. मी मान हलवतो.

भिंत पुरी ओली. चारी भिंती. तहानेल्या खडीसारख्या, वाट बघत—

धोंडुबाई बोट दाखवते. डोकं दिसतंय. बाळाचं डोकं दिसतंय. थोडंच राहिलं, माझी राणी, थोडंच. कागद तिच्यासमोर धरला. ‘बोलू नको. काहीही बोल, पण तो शब्द नको.’ वाचत नाही. डोळे मिटलेत—

पदर सुटला. धोंडुबाईचे हात गुंतलेले. मी तिच्या तोंडावर हात— तिनं झिडकारला. केवढी ताकद—

बाळ आलं. रडतंय. संयोगिता, संपलं, आता गप, आता फक्त गप— ती हसतेय. सुटली म्हणून हसतेय. दमून मान टाकली. नेहमीसारखं, लाडानं म्हणतेय, आई गं, मे—