डाव्या दाराची दोरी

प्रिय मेहुणेबुवा,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा सप्रेम नमस्कार. तुमची प्रकृती कशी आहे? आधी एकच गुडघा दुखायचा, आता त्याने दुसऱ्यालाही आपल्या गोटात ओढलं असं ऐकतो. वहिनींचा रक्तदाब खाली आला का? मुलीच्या बाळाला दात आले का, आणि आले असतील तर ते सध्या कुणाला चावतंय? तुमच्या सासूबाईंचा मोतीबिंदू काढला म्हणे; त्यांना सगळं स्वच्छ दिसू लागल्यापासून तुमचं कसं चाललंय? (ही बातमीपत्रं मला तुमची बहीण तुमच्याशी फोनवर बोलते तेव्हा मिळतात. ती आतल्या खोलीत बोलते आणि मी बाहेर वर्तमानपत्र धरून बसतो. तासाभरात माझं एक पान उलटत नाही, तेव्हा तिलाही ते कळत असणारच.) इकडे तिची कंबर अधूनमधून धरते, माझे वरचे दात गेले, खालचे एकेक करून निरोप घेतायत. कान मात्र शाबूत आहेत, हे वर आलंच.

हे ‘तुम्ही’ काही मला पेलवत नाही बुवा. अकरा वर्षं आपण स्टुडिओत कुठल्या ना कुठल्या लाकडी भिंतीमागे खांद्याला खांदा लावून उभे राहिलो, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. मी ‘तू’च म्हणतो. राग आला तर आधीच्या एकतीस वर्षांच्या रागात मिसळून टाक, वेगळा दिसणार नाही.

पत्राचं कारण असं की गेल्या महिन्यात एक चष्मेवाली मुलगी घरी आली. डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर टाकून आपल्या त्या अंतराळयानाच्या मालिकेवर जाडजूड पुस्तक लिहितेय. (आईबापांचं काय झालं असेल ते मी विचारलं नाही.) बसल्या बसल्या तिने वही उघडली आणि विचारलं, “आजोबा, दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागात दार अर्धंच का उघडतं?” माझ्या हातातला चहा बशीत आला. तुझी बहीण दारात उभी होती, ती आत निघून गेली.

आता तुला जे ठाऊक आहे तेच मी पहिल्यापासून लिहितो, कारण कबुली द्यायची तर मधूनच सुरू करून भागत नाही. लोकांना वाटायचं त्या यानाची दारं आपोआप सरकतात. ती आपण दोघं सरकवत होतो. भिंतीमागे लाल दिवा लागला की एक फळी तू दोरीने ओढायचास, एक मी, आणि तोंडाने ‘स्स्स’ असा आवाज पलीकडचा ध्वनिवाला काढायचा. तू डावीकडे, मी उजवीकडे; म्हणून सगळा स्टुडिओ तुला ‘डावा’ आणि मला ‘उजवा’ म्हणायचा. पगारपत्रकावरचं नाव फक्त कारकुनाला माहीत. तुला चिकटवलं मीच होतं, लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात, तुझ्या बहिणीच्या शब्दाखातर. ‘माझ्या भावाला सांभाळा’ म्हणाली होती. कसा सांभाळला ते पुढे येतंय.

पहिलं वर्ष संपलं ते आठवतं ना? यानाला आग लागते, डॉक्टरीणबाई जखमी खलाशाला घेऊन आत अडकते, दार बंद होतं, आणि खाली अक्षरं येतात. सहा महिने त्या बंद दारापुढे सगळं जग ताटकळलं. मीही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, वाचायला खरा शिकलो तो स्टुडिओत टाकून दिलेल्या संहितेच्या पानांवर, त्यामुळे पुढची गोष्ट मला कायम आधी कळायची. या खेपेला मोठ्या साहेबांनी पानं कुलपात ठेवली. वर हेही ठरवलं की नव्या वर्षाचा पहिला भाग संध्याकाळी सातला थेट दाखवायचा, एका दमात, चुकलं तर चुकलं.

आणि मला दुर्बुद्धी सुचली. भिंतीमागचा तो छोटा पडदा, ज्यावर बाहेर काय दिसतंय ते दिसायचं, तो फक्त डाव्या बाजूने दिसायचा. मी तुला म्हणालो, “आजच्या दिवस जागा बदलू. ती जिवंत आहे की नाही एवढं बघू दे.” तू म्हणालास, “भावोजी, सहा महिने थांबलात, अजून वीस मिनिटं थांबवत नाही?” आणि हसून उजवीकडे गेलास. कुणाला पत्ता नाही. अंधारात दोन माणसं इकडची तिकडे झाली तर बघतो कोण?

आता नंतरचं लिहितो. पडद्यावर कप्तान दारापाशी आला. सगळे खलाशी मागे. संगीत थांबलं. कप्तानाने हात वर केला, लाल दिवा लागला, उजवी फळी सरकली. डावी जागची हलेना. मला वाटलं, आग लागली होती ना, दार वाकलं असणार. काय डोकं आहे लिहिणाऱ्याचं. कप्तानाने तिरकं होऊन आत शिरायचा प्रयत्न केला. (त्या सहा महिन्यांत त्याचं पोट किती सुटलं होतं ते तू पाहिलं आहेस.) तो अडकला. पाठीवरची प्राणवायूची टाकी भिंतीला घासली आणि भिंतीवरचा एक तारा निखळून त्याच्या बुटाशी पडला. माझ्या डोळ्यांना धार लागली. बिचारा आता आत जातो कसा, या विचाराने मी दोन्ही मुठी घट्ट आवळल्या. त्यातल्या एका मुठीत दोरी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण तो कळसा घेऊन रडत उभा राहिलेला माणूस त्या म्हणीतही नाही.

पलीकडून तू कुजबुजलास, “भावोजी, दोरी.” मी तुला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

हे गप्प करणं मला आजही झोपेतून उठवतं. शेवटी कप्तानाने पोट आत ओढलं, आत घुसला, आणि त्या खर्जातल्या आवाजात संहितेत नसलेलं, आपल्या मनाचंच म्हणाला, “यान जखमी झालंय. पण त्याने वाट दिली.” डॉक्टरीणबाई जिवंत निघाली. मी डोळे पुसले आणि तेव्हा मला हातात काहीतरी असल्याची जाणीव झाली.

भाग संपल्यावर व्यवस्थापक लालबुंद होऊन मागे आला. “डावा कुठाय?” म्हणाला. एवढाच प्रश्न. उत्तर सोपं होतं, “आज डावा मी होतो.” चार शब्द. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नव्हे, नुसतं पाहिलंस, बस थांब्यावर माणूस ओळखीच्याची वाट बघतो तसं. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. मनाला सांगितलं, माझ्या पदरी संसार आहे, हा एकटा जीव आहे, उद्या शांतपणे साहेबांना सांगू. तो उद्या अजून उजाडायचाय. तू टोपी घेतलीस आणि निघालास. तू परगावी लिफ्टच्या दारांची दुरुस्ती करू लागलास, त्यात नाव काढलंस, पण आमच्या घराचा उंबरठा पुन्हा चढला नाहीस. तुझी बहीण वर्षातून एकदा दोन साड्या पिशवीत घालून एकटीच तुझ्याकडे येते. तिला स्थानकावर सोडायला मी जातो, आणि गाडी हलल्यावर उगाच फलाटावरचं वेळापत्रक वाचत बसतो.

याहून वाईट ते पुढेच आहे. त्या कप्तानाच्या वाक्याने लोक वेडे झाले. मग साहेबांनी हुकूमच काढला की वर्षभर दार अर्धंच उघडायचं. म्हणजे ज्या चुकीसाठी तू गेलास, ती चूक मी पुढे रोज हुकमाबरहुकूम करत होतो, शाबासकी घेत. आणि गेल्या महिन्यात त्या चष्मेवालीने मला समजावलं की अर्धं दार म्हणजे माणसाचं अर्धं ज्ञान, अर्धं अज्ञान. “ही कल्पना तुमचीच ना?” तिने विचारलं. मी काय म्हणावं? मी म्हणालो, “तसंच काहीसं.” पोरीने ते लिहून घेतलं. तुझ्यावर आळ येऊ दिला ती भीती होती, समजून घेता येते. पण त्याच चुकीचं श्रेय बसल्या जागी खिशात टाकलं, त्याला काय म्हणायचं ते मला चौथीपर्यंतच्या शिक्षणात शिकवलेलं नाही.

चूक माझी होती. दोरी माझ्या हातात होती. तुझा काही दोष नव्हता. हे तीन वाक्यांत मावतं, आणि मला त्यासाठी एकतीस वर्षं लागली. क्षमा मागतो. देणं न देणं तुझ्याकडे.

वहिनींना नमस्कार, बाळाला पापा, सासूबाईंना दंडवत.

तुझा,
भावोजी

ता. क. – मी हे निव्वळ मनाच्या टोचणीने लिहिलं असं तुला वाटू नये म्हणून खरं सांगतो. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तो पहिला भाग मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत आणि ‘अर्ध्या दाराचा जनक’ म्हणून माझा सत्कार आहे. चार वाक्यं बोला म्हणालेत. मी वर लिहिलेली तीन बोलणार आहे, पण तू समोर बसलेला असशील तरच ती माझ्या तोंडून बाहेर पडतील. मी स्वतःला ओळखतो. तू नसलास तर मी पुन्हा ‘तसंच काहीसं’ म्हणून खाली उतरेन.

ता. क. २ – पाकीट चिकटवण्याआधी पत्र तुझ्या बहिणीला वाचायला दिलं. माझी कल्पना, ती रडेल. तिने चष्मा काढला आणि म्हणाली, “अहो, हे मला त्याच रात्री कळलंय. त्यानेच सांगितलं. तीन पावलांवर होता तो, येऊन ओढता आली असती त्याला तुमची दोरी. पण तुम्ही असे रडत होतात की त्याला ते मोडवेना. तो नोकरीवरून रुसलेला नाही.” कशावरून रुसलाय, हे मी विचारलं नाही. मला माहीत आहे, तुलाही आहे. पण इतकी वर्षं त्या फोनवर तुम्ही दोघं बहीणभाऊ माझीच वाट बघत होतात, हे मला वर्तमानपत्राआडून कसं ऐकू आलं नाही कुणास ठाऊक.

ता. क. ३ – सोबत घरीच कापलेली दोन कार्डं ठेवली आहेत, पत्ता घालून. एकावर ‘येतो’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘येत नाही’. दुसऱ्याला तिकीट लावायचं राहून गेलं, आणि आता पाकीट चिकटलंय. तेव्हा जे हाताशी सोपं पडेल ते पेटीत टाक, पण लवकर टाक.