सही कुणाची

वॉशिंग्टन,
मंगळवार

प्रिय विनी,

तुझं पत्र काल आलं. पेपरात छापतात ते खरं का, असं विचारलंयस. बहुतेक खरं आहे. परवा मला सेनेटच्या समितीपुढे बायबलवर हात ठेवून एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. सरकारी तेलाची जमीन साहेबांच्या मित्राला देणाऱ्या कागदावर सही कुणाची, अध्यक्ष बॅनिस्टरांची की त्यांच्या सेक्रेटरीची, म्हणजे माझी? भीती वाटायला हवी, पण काहीच वाटत नाही गं. आज सकाळी एक बूट पायात आणि दुसरा हातात घेऊन मी अर्धा तास नुसती बसून होते.

मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा ते स्वतःच्या वडिलांच्या केशकर्तनालयावरच्या माडीत वकिली करायचे, आठवतं ना? पहिल्या निवडणुकीत पत्रांचा ढीग लागला आणि ते म्हणाले, "ओपल, माझा हात मोडायला आलाय, तू कर सह्या." गव्हर्नर झाले तरी मीच करत होते, अध्यक्ष झाले तरी मीच. इथं ही रीतच आहे, प्रत्येक सेनेटरकडे अशी एक बाई असते. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक असतं, बाहेर कुणी बोलत नाही. साहेब मागे उभे राहून चेष्टा करायचे, "माझ्या बँकेकडे फिरकू नकोस हं, मॅनेजर तुलाच पैसे देईल."

पण त्या कागदावर मी सही केलेली नाही. त्या दिवशी जेवणानंतर साहेबांचा तो मित्र समोर बसला होता. मी सवयीनं पेन उचललं, तर साहेबांनी ते माझ्या हातून घेतलं. "राहू दे, ही मी करतो," म्हणाले. मी फक्त टीपकागद दाबला.

रविवारी त्यांनी घरी बोलावलं. फार वाळलेत, कॉलर गळ्यात सैल फिरते. माझी कॉफी स्वतः ओतली आणि दोन चमचे साखर घातली. अठ्ठावीस वर्षं मी बिनसाखरेची पिते त्यांच्यासमोर. म्हणाले, "चुकून तू केलीस असं सांग. तुला फार तर घरी पाठवतील, मला मात्र इतिहासात गाडतील." मी "बघते" म्हणाले आणि ती कॉफी पिऊन टाकली. राग यावा असं मला फार वाटत होतं, पण तोही आला नाही.

मी खरं सांगणार आहे. ते जातील, कदाचित तुरुंगातही. माझ्या वकिलानं बजावलंय की तेवढ्यावर सुटका नाही. ही सही त्यांची, तर मग तुझ्या कुठल्या, असं लगेच विचारतील आणि मला एकेक सांगावं लागेल. वाढदिवसाच्या शुभेच्छा, फोटो, शाळांना पाठवलेले संदेश. आणि लढाईत मुलं गेली त्या आयांना पाठवलेली पत्रं, सगळीच्या सगळी.

म्हणून हे लिहितेय. शुक्रवारी तुमच्या पेपरात वाचण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. डेल गेला तेव्हा तुला आलेलं अध्यक्षांचं पत्र, पियानोवर काचेत लावलेलं, ते मी लिहिलं. सहीही माझीच. साहेबांनी ती यादी पाहिलीसुद्धा नव्हती. माझ्या भाच्याचं नाव मी टाइप केलं, सही केली आणि यादीतलं पुढचं नाव घेतलं. तू फोनवर ते वाचून दाखवलंस आणि रडत म्हणालीस, "बघ, एवढ्या मोठ्या माणसानं माझ्या डेलसाठी वेळ काढला." मी "हो" म्हणाले. काढून टाकायचं असेल तर टाक, मी काही म्हणणार नाही. फक्त टाकण्याआधी तिसरी ओळ पुन्हा वाच. घरात शिरताना तो मागच्या दारी बूट काढून कुत्र्याशी दोन शब्द बोलायचा, असं तिथं आहे. बाकी कुठल्याच पत्रात तशी ओळ नव्हती. अध्यक्षांना ते कसं ठाऊक, हे तू कधी विचारलं नाहीस.

तुझीच,
ओपल