ये की आत!

अरे, घर रिकामं बघून घाबरू नकोस. आईंना घेऊन मी पुन्हा त्याच नाटकाला गेलेय.

मागच्या रविवारी स्टेजवरच्या पोस्टमननं "घरात कोणी आहे का?" अशी हाक मारली आणि आई खुर्चीतून ओरडल्या, "आहे ना, ये की आत!" लोक हसले. तू त्यांना हाताला धरून अर्ध्या नाटकातून बाहेर आणलंस. आपली आई सगळं विसरत चाललीय हे चारचौघांत दिसलं की कसं होतं, ते कळतं रे मला. पण घरी येईपर्यंत त्या एकच विचारत होत्या, "त्याला आत घेतलं का?"

आज किराणा दुकानात तो नट भेटला. मी माफी मागायला गेले, तर म्हणाला, "अहो, एवढ्या प्रयोगांत मला उत्तर देणाऱ्या त्या एकट्याच! घेऊन या त्यांना, खुशाल बोलू द्या."

जेवण झाकून ठेवलंय, पण आधी हॉलवर ये. त्यांच्या शेजारची खुर्ची धरून ठेवते. चपला घालताना त्यांनी विचारलं, "तो येणार ना?" कोण, म्हटलं, तर तुझं नाव घेतलं. पहिल्याच झटक्यात.