एजिनाला निघून गेलेल्या दादास

अथेन्स, मेटागेइत्नियोन महिना, पौर्णिमा नुकतीच सरलेली

प्रिय दादा,

धाकट्या फिलिनोसचा नमस्कार. तू एजिना बेटावर मामाकडे सुखरूप पोचलास, हे नावाड्याकडून कळलं. आई बरी आहे. अंजिरं उतरवून गच्चीवर वाळत घातली आहेत. "ऐन कामात हा न सांगता गेलाच कसा?" असं ती रोज विचारते. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

त्या सकाळचं तुझ्या कानावर आलंच असेल. अथेन्सला धाकात ठेवणारा मॅसिडोनियाचा राजा मेल्याची बातमी आली आणि बाजारातून जमाव थेट आमच्या शाळेवर चालून आला. त्यांना मेनोइतास हवा होता. माझ्याबरोबर शिकणारा, मॅसिडोनियाचा.

"हेर आहे तो! बाहेर काढा!"

मी दारात उभा राहिलो.

"आत आहे का रे तो?" एकाने विचारलं.

"आहे. आरोप असेल तर न्यायालयात करा. इथून तो मिळणार नाही."

"मोठा आला शहाणा! आधी दाढी तरी फुटू दे!"

हशा पिकला. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "फिलू, बाजूला हो!" मी हललो नाही. मग मेनोइतासच मला ढकलून पुढे आला. "याला काही करू नका, मी आलोय," एवढंच म्हणाला. आणि दगड आला.

काल तो गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर आला नाही.

गुरुजी शिकवतात की धैर्य हे भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मधलं असतं, आणि ते वागूनच अंगी बाणतं. मेनोइतासच्या उशाशी बसून मी विचारलं, "मग माझ्यात ते आलं का?"

ते म्हणाले, "दारात उभं राहणं त्यातल्या त्यात सोपं. समोर परके होते."

त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं.

दादा, घराबाहेर मला फिलू कोणी म्हणत नाही. आवाजाच्या दिशेने मी पाहिलं, तेव्हा तुझा हात वर होता. दगड सुटताना मी पाहिला. तुला नुसतं घाबरवायचं होतं, असं मी स्वतःला समजावतो. खरं काय ते तुलाच ठाऊक.

मेनोइतासचा भाऊ इथेच आहे. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "तू त्याच्यासाठी उभा राहिलास. तुझे उपकार कसे फेडू?" मला मान वर करवेना.

खुनाचा खटला तोच भरणार आहे. मला विचारतील, दगड कुणी मारला? "गर्दीत दिसलं नाही" म्हटलं, तर सगळे विश्वास ठेवतील. आईही.

मी तुझं नाव सांगणार आहे. संध्याकाळी आईला सांगेन. मग या घरात मला जागा उरेल का, माहीत नाही. खटल्याआधी तू स्वतः येऊन कबूल केलंस, तर मी तुझ्या शेजारी उभा राहीन. हद्दपारी झाली, तर गलबतापर्यंत तुझं सामान मीच वाहीन. पण खोटं बोलणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा.

तुझा भाऊ, आणि मेनोइतासचा साक्षीदार,
फिलिनोस