केतकीचा दगड

येना (जर्मनी), रविवार संध्याकाळ

घरी माझ्या उष्ट्या कपाला तोंड न लावणारा समीर आज ओढ्याकाठी केतकीने उचललेला दगड चाटत होता! नवरा भूशास्त्रज्ञ आहे, मान्य. ओल्या दगडातल्या रेघा स्पष्ट दिसतात, गेनाऊ, अगदी बरोबर. पण चाटला! मग भिंग लावून म्हणाला, "केतकी, पेशींची जाळी बघ! दगड झालेलं लाकूड आहे हे."

त्याच्या लॅबमधली ही केतकी. काय गोड हसली!

माझ्याही दगडावर तसेच पट्टे होते. हातातही न घेता म्हणाला, "तो जास्पर गं. नुसते रंगाचे थर."

आत्ता बाथरूममध्ये मीच माझा दगड चाटून भिंगाखाली धरला. जाळी नाही. त्याचंच बरोबर.

तरी एकदा चाटून बघायला काय झालं होतं?